आईची शुश्रूषा: मावशींचा पगार आणि वृद्धाश्रमाची फी कुठून भरायची

“मेडिक्लेम आहे ना आईचा, मग मावशींचे पैसे त्यातून मिळतीलच की.” कोथरूडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गुरुवारी संध्याकाळी मी लोकांची कागदपत्रं बघून द्यायला बसते. तिथे हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मावशी म्हणजे घरी शुश्रूषेला ठेवलेली बाई, आणि तिचे पैसे विम्यातून मिळत नाहीत. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत न मिळणाऱ्या खर्चांची यादी असते. त्यात पाचव्या क्रमांकाचं कलम काढा. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना एकच मजकूर ठरवून दिलाय, त्यामुळे पॉलिसी कोणाचीही असो, कलम तेच असतं. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवून बसवणं, फिरवणं अशी रोजची मदत घरी घेतली किंवा शुश्रूषागृहात घेतली, प्रशिक्षित नर्सने केली किंवा साध्या मदतनिसाने केली, तरी तिचा खर्च विमा देत नाही. सत्तरी पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. ते जरूर काढा, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. पण तेही हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच कामाला येतं.

विम्यातून मिळतो तो भाग छोटा असला तरी सोडू नका. हॉस्पिटलातून घरी आल्यानंतर ठरावीक दिवसांपर्यंत, बहुतेक पॉलिसींत साठ दिवस, त्याच आजाराची औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी यांचा दावा करता येतो. डिस्चार्ज कार्डावर ‘फिजिओथेरपी’ हा शब्द लिहून घेतल्याशिवाय हॉस्पिटलातून निघू नका.

म्हणजे महिन्याचा रोजचा खर्च आपला आपणच भागवायचा. तो कसा भागवायचा, हे मी चौतीस वर्षं बँकेत काढलेली बाई म्हणून आणि आईचं सगळं केलेली मुलगी म्हणून सांगते. माझं एक ठाम मत आधीच सांगून टाकते. आईचा पैसा आधी आईसाठी खर्च व्हायला हवा. तिची ठेव, तिची पेन्शन, तिचं घर, सगळं. ‘आईच्या पैशाला हात लावायचा नाही’ असं म्हणणारी मुलं मनाने चांगली असतात, पण त्यांच्याकडचे पैसे दीड-दोन वर्षांत आटतात, मग मावशींचे तास कमी होतात आणि आईची ठेव मात्र बँकेत जशीच्या तशी पडून राहते. ती ठेव तिने म्हातारपणासाठीच ठेवलेली होती.

आधी महिन्याची तूट काढा

‘आईला कोण बघणार’ हा प्रश्न बाजूला ठेवा. एका कागदावर डावीकडे आईचं महिन्याचं उत्पन्न लिहा आणि उजवीकडे खर्च. आमचा कागद असा होता.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. पेन्शन २७,००० रुपये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख, ८.२ टक्क्यांनी, त्याचे दर तिमाहीला ३०,७५० म्हणजे महिन्याला १०,२५० रुपये. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ९ लाख, ७.४ टक्क्यांनी, त्याचे ५,५५०. एकूण ४२,८००.

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यावर ती घरी आली, तेव्हाचा खर्च: चोवीस तासांच्या मावशी, दिवसाला १,००० रुपयांनी ३०,०००. दोघींचं जेवणखाण ८,०००. औषधं ४,२००. दिवसाला तीन डायपर, एक ३५ रुपयांना, म्हणजे ३,१५०. अंडरपॅड १,०००. आठवड्यातून दोनदा फिजिओ ४,०००. हॉस्पिटलसारखा पलंग आणि हवेची गादी भाड्याने २,५००. डॉक्टरांची घरची व्हिजिट १,५००. सोसायटी, वीज, गॅस ४,५००. बेरीज ५८,८५०. तूट १६,०५०.

हे आकडे आमच्या घरचे आहेत. तुमच्या गावात मावशींचा दर वेगळा असेल, पेन्शन नसेल किंवा जास्त असेल. पण ओळी याच राहतील. लोक हमखास विसरतात त्या म्हणजे मावशींचं जेवण, अंडरपॅड आणि भाड्याचा पलंग. पलंग विकत घ्यायची घाई करू नका. पहिले दोन-तीन महिने भाड्यानेच आणा. चार-सहा महिन्यांत आई वॉकर धरून चालायला लागली तर तो परत करता येतो.

तुटीचा आकडा हातात आला की भावंडांशी बोलणं सोपं होतं. ‘आईसाठी काहीतरी पाठव’ असं म्हटलं की अमेरिकेतला भाऊ एकदा मोठी रक्कम पाठवतो आणि मग सहा महिने कोणी काही बोलत नाही. आमच्याकडे न्यू जर्सीतला दादा दर महिन्याला १२,००० आणि नाशिकचा धाकटा ४,००० असं ठरलं. देखरेख, मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोशी बोलणं, डॉक्टर, हिशेब हा माझा वाटा, हेही लिहून ठेवलं. तिघांनी ते ईमेलवर ‘मान्य’ म्हणून कळवलं. जी मुलगी किंवा सून रोज जाऊन बघते, तिच्या वेळाची किंमत त्या कागदावर आलीच पाहिजे. तशी नोंद झाली नाही तर ती पैसेही देते, वेळही देते आणि शेवटी दोन्हींचा हिशेब कोणी धरत नाही. दादाचे पैसे थेट आईच्या खात्यात येत. मुलाने आईला दिलेल्या रकमेवर आईला आयकर लागत नाही, आणि हिशेब सगळ्यांना दिसेल असा एकाच पासबुकात राहतो.

ब्यूरोशी बोलताना

ब्यूरोला फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, “पेशंट चालतं आहे की झोपून?” त्यावरच दर ठरतो, म्हणून खरं तेच सांगा. दर कमी व्हावा म्हणून ‘थोडा आधार दिला की चालतात’ असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी मावशी बॅग उचलते. तिचंही बरोबरच असतं, सत्तर किलोच्या माणसाला एकटीने उचलायचं काम तिने कबूल केलेलं नसतं.

मावशी हवी की नर्स, हे डॉक्टरांना विचारा. नाकातून नळीने अन्न, लघवीची नळी, इंजेक्शनं, पाठीला खोल जखमा यातलं काही नसेल तर मावशी पुरते. यातली एखादीच गोष्ट असेल तर बाराही तास नर्स ठेवायची गरज नसते. नळी बदलायला किंवा ड्रेसिंगला नर्सला तेवढ्यापुरतं बोलवायचं आणि बाकी वेळ मावशी. या एका प्रश्नाने महिन्याचा खर्च निम्म्यावर आलेली घरं मी पाहिली आहेत.

ब्यूरोकडून चार गोष्टी लिहून घ्या: सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार आणि त्याचे जास्तीचे पैसे किती, आगाऊ डिपॉझिट किती आणि ते परत कधी, दर वर्षाला किती वाढणार, मावशींचं आधार कार्ड आणि पोलीस पडताळणी झालीय का. पाचवी गोष्ट मी तोंडी विचारते: तुम्ही आमच्याकडून १,००० घेता, त्यातले मावशींच्या हातात किती पडतात? जो ब्यूरो हे सरळ सांगतो आणि ज्याच्याकडे मावशींना बरा वाटा मिळतो, त्याच्या मावशी टिकतात. दर पंधरा दिवसांनी नवीन चेहरा आला की विसरभोळ्या झालेल्या माणसाला काय त्रास होतो, हे ज्याने बघितलंय तो दिवसाला पन्नास रुपये जास्त आनंदाने देईल.

आता खर्चाचं खरं वळण सांगते. ते रात्री येतं.

चोवीस तासांची मावशी म्हणजे चोवीस तास जागी असणारी बाई नव्हे. ती रात्री पेशंटच्या खोलीत झोपते, एक-दोनदा उठते. आई रात्रभर झोपत होती तोवर हे ठीक चाललं. मग तिचं विसरणं वाढलं. रात्री दोनला उठून ती शाळेत जायला निघायची. कपाटातून पातळ काढायची, पर्स शोधायची, घंटा झाली म्हणायची. मावशी तिला पुन्हा झोपवायची, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. अशा वेळी एक माणूस पुरत नाही, आणि त्याच बाईकडून दिवसा-रात्री काम करून घेणं माणुसकीला धरून नाही. बारा-बारा तासांच्या दोन ड्युट्या लावाव्या लागतात. ७५० रुपयांनी दोघींचे महिन्याला ४५,०००. आमचा एकूण खर्च ७३,८५० वर गेला आणि तूट ३१,०५०.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, घरी ठेवायचं की वृद्धाश्रमात, याचा हिशेब रात्रीवरून करा. रात्र शांत असेल तर घर परवडतं. रात्रही जागती झाली की बहुतेक मध्यमवर्गीय घरांत वृद्धाश्रम किंवा केअर सेंटर स्वस्त पडतं, आणि तिथे रात्रपाळीला माणूस जागा असतो. हा निर्णय पैशांचा आहे तसा आईच्या सुरक्षिततेचाही आहे. नातेवाइकांच्या बोलण्यावरून तो करू नका.

बँकेची कामं आई शुद्धीवर आणि समजत्या अवस्थेत असतानाच

यातलं काहीही पुढे ढकलू नका, माझी विनंती आहे.

‘माझ्याकडे आईचं कुलमुखत्यारपत्र आहे’ असं सांगणारे पुष्कळ येतात. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, पत्र देणाऱ्याची सारासार विचार करण्याची क्षमता गेली की ते पत्र संपतं. म्हणजे आईचा विसर वाढून तिला व्यवहार समजेनासे झाले, की ज्या दिवसासाठी तुम्ही ते करून ठेवलं त्याच दिवसापासून ते निरुपयोगी. त्यानंतर तिच्या नावावरची ठेव मोडायला किंवा घर भाड्याने द्यायला उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागते. त्याला वेळ जातो, वकिलाचे पैसे जातात, आणि मावशींचा पगार तर पाच तारखेला द्यायचा असतो.

म्हणून करायचं ते असं. आईचं एक बचत खातं तुमच्या किंवा भावाच्या नावाने संयुक्त करा, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने. बँकेच्या ठेवी त्याच पद्धतीने करून घ्या आणि मुदतीपूर्वी मोडण्याची परवानगीही दोघांपैकी कोणालाही, हे फॉर्मवर वेगळं लिहून द्या. पेन्शनचं खातं मुलांबरोबर संयुक्त होईलच असं नाही. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ते जोडीदाराबरोबरच करता येतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतही दुसरं नाव फक्त जोडीदाराचं चालतं. त्यावर उपाय सोपा आहे: पेन्शन आणि व्याज जमा झालं की दर महिन्याच्या ठरावीक तारखेला ते आपोआप संयुक्त खात्यात जाईल, अशी स्थायी सूचना आईच्या सहीने देऊन ठेवा. आमच्या आईने ती सही अगदी वळणदार अक्षरात केली होती. वर्षभराने तिला स्वतःचं नाव लिहिता येईना, पण पैसे दर महिन्याला वेळेवर येत राहिले.

माणूस समजता आहे, पण हात चालत नाही किंवा बँकेत येता येत नाही, ही गोष्ट वेगळी. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने सोय करून ठेवली आहे आणि शाखेतल्या नवीन मुलांना ती माहीत नसेल तर शांतपणे सांगा. सही करता येत नसेल तर हाताचा अंगठा चालतो, हाताचा चालत नसेल तर पायाचा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. नोकरीत असताना मी कितीतरी घरी शाईचा पॅड घेऊन गेले आहे. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात, त्वचा कोरडी असते, ठसा नुसता डाग उमटतो. कोमट पाण्याने अंगठा धुवायचा, नीट कोरडा करायचा, शाई अगदी पातळ लावायची आणि न दाबता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच फिरवायचा. ठसाही जमत नसेल तर पैसे काढण्याच्या फॉर्मवर नुसती खूण चालते, आणि पैसे कोणाच्या हातात द्यायचे हे पेशंटने त्या अधिकाऱ्याला सांगायचं किंवा खुणेने दाखवायचं. सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकसेवा देण्याची सूचनाही सगळ्या बँकांना आहे. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. पोस्टमनही घरी येऊन करून देतो. नोव्हेंबर चुकवू नका, पेन्शन थांबली तर सगळा कागद कोलमडतो.

ठेवींबद्दल एक सूचना. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा आता ३० लाख आहे म्हणून सगळी पुंजी तिथे घालू नका. ती पाच वर्षांची आहे. वर्षाच्या आत मोडली तर दिलेलं व्याज वसूल होतं, दोन वर्षांच्या आत मोडली तर मुद्दलातून दीड टक्का आणि नंतर एक टक्का जातो. निदान चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम संयुक्त खात्याला जोडलेल्या छोट्या ठेवींमध्ये ठेवा. हॉस्पिटलचा आगाऊ भरणा आणि वृद्धाश्रमाचं डिपॉझिट हे दोन खर्च पूर्वसूचना देऊन येत नाहीत.

घर: देऊन टाकू नका, कामाला लावा

महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वगैरे वेगळे. एवढं स्वस्त असल्यामुळे ‘पुढे कटकट नको’ म्हणून आई-वडील हयातीतच घर देऊन टाकतात. मला हे अजिबात पटत नाही. आयुष्यातली सगळ्यात मोठी मालमत्ता, आणि नेमकी गरजेच्या वयात ती हातात नाही. मृत्युपत्र करा, ते हवं तेव्हा बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ आणि शुश्रूषा करण्याच्या अटीवर देत आहे’ हे वाक्य त्यात लिहिलंच पाहिजे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट पाळली नाही तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. पण अट होती हे दाखवावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

उलट तारण कर्जाबद्दल खूप जण विचारतात. साठीपुढच्या मालकाला घरावर बँक दर महिन्याला पैसे देते, हयातीत फेडायचं नसतं, घरात राहता येतं, आणि ही रक्कम उत्पन्न धरली जात नाही. घरीच राहायचं आहे, मुलं नाहीत किंवा मुलांची अपेक्षा नाही, अशांना हा चांगला मार्ग आहे. पण माणूस ते घर सोडून कायमचा दुसरीकडे राहायला गेला की कर्ज वसुलीला येतं. वृद्धाश्रमात जाण्याची शक्यता दिसत असेल तर हा मार्ग धरू नका.

आई वृद्धाश्रमात गेली तर सरळ उपाय म्हणजे घर भाड्याने देणं. आईचा दोन खोल्यांचा फ्लॅट २०,००० ने गेला. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं आपल्या राज्यात सक्तीचं आहे. त्याच्यावर आईची सही किंवा तिच्या वतीने वैध अधिकार लागतो, म्हणून ही तयारीही ती समजती असतानाच. घर रिकामं करताना मनाला फार लागतं, तिची भांडी आवरताना मलाही लागलं. तरीही बंद घराची सोसायटी भरत राहून आईला चार जणींच्या खोलीत ठेवण्यापेक्षा त्याच घराच्या भाड्यातून तिला दोघींची, खिडकीजवळची खोली देणं मला योग्य वाटलं.

वृद्धाश्रमाच्या फीचा कागद

फोनवर सांगतात ती फी आणि पहिल्या महिन्याचं बिल यांत अंतर असतं. आम्हाला सांगितलेली फी २८,०००. पूर्णपणे परावलंबी पेशंट म्हणून ६,००० वेगळे. औषधं, डायपर, अंडरपॅड आपले, ८,३५०. डॉक्टरांची व्हिजिट १,०००. एकूण ४३,३५०. हे आम्ही दाखल करण्यापूर्वीच एकेक ओळ विचारून काढलं होतं, त्यामुळे धक्का बसला नाही. आईचं उत्पन्न ४२,८०० आणि वर भाडं २०,०००, त्यातून सोसायटी भरून जे उरे ते पुढच्या फीवाढीसाठी बाजूला पडू लागलं. दादाला कळवलं, आता दर महिन्याला पाठवू नकोस, हॉस्पिटलची वेळ आली तर सांगेन.

डिपॉझिटबद्दल नीट विचारा. परत मिळणारं किती, न मिळणारं किती, किती दिवसांत, आणि आईच्या पश्चात कोणाच्या नावाने. शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण करारात ते नाव असेल तर मागाहून वारसाचे दाखले आणत बसावं लागत नाही. महिन्याच्या मध्यात माणूस गेला किंवा घरी परत नेला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत की नाही, हेही लिहून घ्या. आई हॉस्पिटलात असेल त्या दिवसांची खोलीची फी लागते का, आणि तिथे सोबत माणूस कोण देणार?

सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं ते हे: आई उद्या झोपून राहिली तर तुम्ही ठेवाल का? बरेच वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या माणसांसाठीच असतात. अंथरूण धरलं की ‘दुसरी सोय करा’ म्हणतात, तेव्हा दुसरं डिपॉझिट, दुसरी शोधाशोध आणि आईला पुन्हा नवी जागा. विसरण्याचा आजार असेल तर सुरुवातीपासूनच अशी जागा बघा जिथे शेवटपर्यंत ठेवतात, चार पैसे जास्त पडले तरी.

जागा बघायला दुपारी चारच्या सुमारास, आधी न कळवता जा. त्या वेळी सकाळची स्वच्छता जुनी झालेली असते. डायपर वेळेवर बदलतात की नाही हे वास सांगतो. अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर कोण वळवतं आणि त्याची नोंद कुठे ठेवतात, ती वही बघायला मागा. वही दाखवतात तिथली फी मला खरी वाटते.

कराबद्दल थोडक्यात

आईचं एकूण उत्पन्न, म्हणजे पेन्शन, व्याज, भाडं मिळून, वर्षाला १२ लाखांच्या आत असेल तर नव्या कररचनेत तिला कर नाही. मग तिच्यासाठी वजावटीच्या पावत्या जमवण्यात वेळ घालवू नका. जे मूल खर्च करतं आणि जुन्या रचनेत आहे, त्याला मात्र फायदा आहे. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या औषधोपचारावर ५०,००० पर्यंत, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचा दाखला असेल आणि पालक अवलंबून असतील तर ७५,०००, तीव्र असेल तर सव्वा लाख. पक्षाघाताने हात-पाय गेलेल्यांचा हा दाखला जरूर काढा.

जिथे पेन्शनही नाही आणि ठेवही नाही

संघात येणाऱ्यांत धुणीभांडी करून आयुष्य काढलेल्या बायका असतात, त्यांचा कागद डावीकडे कोराच असतो. त्यांच्यासाठी जे आहे ते कमी आहे, आणि ते वाढलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण आहे ते तरी हातात पडायला हवं. श्रावणबाळ योजनेत ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर महिन्याला १,५०० रुपये मिळतात, अर्ज तहसील कार्यालयात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पुढच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, एकदा ३,००० रुपये थेट खात्यात येतात, त्यातून कमोड खुर्ची किंवा वॉकर येतो. धर्मादाय आणि अनुदानित वृद्धाश्रमांची माहिती १४५६७ या एल्डरलाइनवर मिळते, फोनला पैसे पडत नाहीत.

मुलं कमावती आहेत आणि बघत नाहीत, अशा वेळी २००७ च्या कायद्याखाली निर्वाह भत्ता मागता येतो. न्यायाधिकरण प्रांत कार्यालयात असतं, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत भत्ता ठरवून देता येतो, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. अर्जाला आधार कार्ड, वयाचा पुरावा, मुलांची नावं-पत्ते आणि महिन्याच्या खर्चाचा कागद जोडा, वर सांगितला तोच, ओळीओळीने. ‘मुलगा बघत नाही’ एवढ्यावर रक्कम ठरवता येत नाही. औषधं इतकी, डायपर इतके, मावशी इतकी, असं लिहिलं की अधिकाऱ्यालाही आकडा देता येतो. ज्या आईला किंवा वडिलांना स्वतः जाता येत नाही, त्यांच्या वतीने त्यांनी अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. शेजारीण करू शकते, ज्येष्ठ नागरिक संघ करू शकतो. आम्ही करतो.